भूक नसलेला उन्हाळा

यंदा मार्च लागला आणि आईने दहावीच्या सुपरव्हिजनसाठी दोन सुती साड्या इस्त्रीला काढल्या. मंडईतून येताना तिने पिशवीत चार कैऱ्याही आणल्या, देठाला अजून चीक होता. ओट्यावर तिने पहिली कैरी चिरली, तो वास स्वयंपाकघरभर पसरला आणि मी हातातलं काम ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर डोंबिवलीचं अकराचं ऊन. खाडीकडचा वारा या दिवसांत अकरा वाजता थांबतो तो एकदम चारलाच सुटतो. समोरच्या सोसायटीचा पार्किंगवरचा पत्रा तापून टकटक वाजत होता. गेल्या वर्षीही तो असाच वाजायचा, पण तेव्हा आमच्या घरात कैरीचा वास कुणाला नको होता.

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी बाबांचं जठर काढलं. गाठ होती, वेळेत सापडली, पण होती अशा जागी की अख्खं जठरच काढावं लागलं. अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, आम्ही तिघांनी माना डोलावल्या. ते म्हणाले होते, "भूक कमी लागेल. थोडं थोडं, दर दोन तासांनी खायचं. एप्रिलच्या मध्यात वजन बघू, सावरलं असेल तरच पुढची इंजेक्शनं सुरू करता येतील." सगळं स्वच्छ सांगितलं होतं. तरी ते ऐकताना आमचं लक्ष गाठ निघाली की नाही एवढ्यावरच होतं.

बाबा मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत चौतीस वर्षं फिटर होते. गाव देवगडकडचं. जेवणारा माणूस. घरात शिरले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "काय केलंयस आज?" रविवारी बांगड्याचं तिखलं असलं तर बारा वाजल्यापासून स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या फेऱ्या सुरू. झाकण उचलून बघायचे, आईच्या हातच्या चमच्यातलं चाखायचे, पुन्हा यायचे. आई वैतागायची, "अहो, तुम्ही बाहेर बसा बघू! तुमच्या येरझाऱ्यांनी मासे शिजायचे नाहीत."

ऑपरेशननंतर ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि उठायचे नाहीत. दुखत होतं, अशक्तपणा होता, हे खरंच. पण जखम भरली, टाके गेले, तरी ते उठेनात. पेपर मांडीवर तसाच. ताट समोर ठेवलं तर ताटाकडे बघायचे, मग आमच्याकडे, जणू हे कुणाचं आहे असं विचारताहेत.

आणि मी त्या वेळी काय करत होते? मी ठाण्याला, माजिवड्याच्या जवळ एका प्रयोगशाळेत, उंदरांची भूक मोजत होते.

माझी पीएचडी घ्रेलिनवर आहे. हे एक हार्मोन. मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, जेवायची वेळ जवळ आली की रक्तात वाढतं आणि मेंदूला जाऊन सांगतं, की चला, उठा. आमचं काम त्या 'उठा'वरच होतं. उंदीर दिवसा झोपतो, रात्री हिंडतो. पण त्याला रोज भर दुपारी, ठरलेल्या वेळीच खाणं दिलं, तर काही दिवसांत तो आपली झोप मोडून वेळेच्या आधीच जागा होतो. पिंजऱ्यात फिरायला लागतो, कोपरे हुंगतो, छोट्या चाकात चढतो आणि पळतो. खाणं अजून आलेलं नसतं, पण अंग निघालेलं असतं. हे घडण्यात घ्रेलिनचा हात किती, हा माझा प्रश्न. त्यासाठी दोन प्रकारचे उंदीर होते. एक साधे. दुसरे असे, की त्यांच्या शरीरात घ्रेलिन बनायचं, पण त्याचा निरोप घेणारी जागाच त्यांना जन्मापासून नव्हती.

रोज सकाळी मी मोठागावच्या खाडीपुलावरून स्कूटी काढायची. बारा म्हणजे बाराच्या ठोक्याला, मीच, त्याच हातांनी खाणं घालायचं. कारण माणूस बदलला की वास बदलतो आणि उंदीर बिथरतात. चारला उरलेलं काढून घ्यायचं. त्या खोलीत कणसाच्या भुश्शाचा कोरडा वास असायचा आणि बारा वाजत आले की चाकांचा आवाज. बारीक, भराभर, एकात एक मिसळलेला.

तिथली साफसफाई आणि देखभाल बाळारामकाका बघायचे. ठाकुर्लीचे, जुन्या आगरी घरातले. मला गाऊनमध्ये शिरताना बघून ते रोज विचारायचे, "काय गो, बापूस जेवतो का तुजा?" आणि मी म्हणायची, "जेवतात हो काका."

मला तसंच वाटत होतं. मार्चमध्ये आईला बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी लागली. नऊला निघायची ती तीनला परत. बाबा घरी एकटे. आम्ही सहा वाट्या झाकून ठेवायचो. पेज, मऊ भात, इडलीचे तुकडे, उकडलेलं अंडं. साडेअकराला प्राणिगृहात शिरायच्या आधी मी फोन करायची.

"अकराचं खाल्लंत?"

"खाल्लं."

"सगळं?"

"हो गं. वाटी धुऊन पण ठेवली."

वाट्या खरंच धुतलेल्या असायच्या. एका शनिवारी बाराचं खाणं घालून, चारचं काम बाळारामकाकांवर सोपवून मी दुपारीच घरी आले. कचरा बाहेर ठेवताना दुधाची एक रिकामी पिशवी हाताला जड लागली. गाठ मारलेली. सोडून बघितली तर आत भात, इडली, अंड्याचे दोन भाग. आईने सकाळी ज्या आकाराचे तुकडे केले होते त्याच आकाराचे. एकालाही दात लागलेला नव्हता.

मी पिशवी घेऊन खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, हे काय आहे?"

त्यांनी पंख्याकडे बघितलं. "आईला सांगू नकोस."

"रोज फोनवर खोटं सांगताय मला?"

"रोज नाही. कधी कधी खाल्लं पण." त्यांनी मांडीवरचा पेपर घडी करून बाजूला ठेवला. "तुला नाही कळायचं, मधुरा. भूक नसताना घास घेतला ना, की तो घास राहतच नाही. कापूस चावतोय असं वाटतं. किती चावणार माणूस?"

"पण वजन उतरतंय. एप्रिलमध्ये..."

"माहितीये मला एप्रिल." त्यांनी हाताने मला थांबवलं. "एक सांगू? माझे वडील गेले ना, तेव्हा आधी त्यांची भूक गेलेली. महिनाभर आधी. आई ताट घेऊन बसायची आणि ते तोंड फिरवायचे. शरीराला आधी कळतं. माझ्या शरीराने ठरवलंय बहुतेक. मग कशाला त्याच्याशी भांडायचं."

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला रडूही आलं नाही. मी ती ओली पिशवी धरून उभी होते आणि तेव्हा, त्या क्षणी, माझ्या डोक्यात लख्ख झालं. दोन वर्षं मी ज्या हार्मोनवर काम करतेय, ते जिथे बनतं ती जागा जानेवारीत ऑपरेशनच्या टेबलावर काढली गेली होती. मला माहीत होतं, परीक्षेत कुणी विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं. पण दीड महिना मी रोज पुलापलीकडे ते एक शास्त्र म्हणून वाचत होते आणि अलीकडे येऊन बाबांना म्हणत होते, "मनावर घ्या ना जरा."

मी खाली बसले, फरशीवर. "बाबा, तुमच्या शरीराने काही ठरवलेलं नाही. भूक जिथे तयार होते ती जागा काढलीय तुमची."

मग सगळं सांगितलं. घ्रेलिन काय, कुठे बनतं, जेवणाआधी कसं वाढतं, त्याने उंदीर नुसता खात नाही तर हिंडायला कसा लागतो. बाबा ऐकत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते.

"म्हणजे जे काढलं, त्यातच होतं ते?"

"बरंचसं."

"परत येईल?"

मला हो म्हणायचं होतं. "थोडं दुसरीकडेही बनतं. पण पहिल्यासारखं बहुतेक नाही येणार."

ते उठले. कुणी न सांगता, खुर्चीचा हात धरून. गॅलरीपर्यंत गेले, परत आले.

"अगं मग हे आधी सांगायचंस ना! हा तर लेव्हल स्विच गेल्यातला प्रकार. टाकी रिकामी झाली की स्विच पंपाला सांगतो, पंप चालू होतो. स्विच गेला म्हणून आम्ही प्लांट बंद केला का कधी? माणूस उभा करायचो. तासातासाला टाकीत पट्टी बुडवून बघायची आणि पंप हाताने चालू करायचा. तीन-तीन आठवडे चालवलाय असा, नवा पार्ट येईपर्यंत."

"इथे नवा पार्ट येणार नाही, बाबा."

"मग कायमचं हाताने चालवू." ते म्हणाले. "काय आहे त्या वाटीत?"

पेज होती, गार झालेली. त्यांनी ती उभ्या-उभ्या खाल्ली. एकेक चमचा, डोळे मिटून, औषध घ्यावं तसा. चव लागली का, असं मी विचारलं नाही.

त्या दिवशी आई घरी आली तेव्हा फ्रिजवर एक तक्ता होता. पट्टीने आखलेला, कंपनीतल्या शिफ्टच्या नोंदीसारखा. वेळ, पदार्थ, किती, शेरा. पहिली ओळ: पेज, एक वाटी, पूर्ण. आईने तो वाचला, माझ्याकडे बघितलं. मी तिला दुधाच्या पिशवीबद्दल आजतागायत सांगितलेलं नाही.

पुढचे दिवस चांगले गेले असं म्हणणार नाही. ते नुसते ठरल्याप्रमाणे गेले. मोबाईलवर दर दोन तासांनी गजर. बाबा खायचे, कधी उलटी व्हायची, मग शेऱ्यात 'परत' असं लिहायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा अर्धी वाटी घ्यायचे. चालणंही त्यांनी तक्त्यात घातलं. पहिल्या दिवशी लिफ्टपर्यंत, मग गेटपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत. तिथल्या बाकावर घामाघूम होऊन बसायचे आणि घुंगरांचा आवाज ऐकत दम घ्यायचे. रस प्यायची परवानगी नव्हती. मार्च संपता संपता एका सकाळी ते रेतीबंदरपर्यंत जाऊन आले. खाडीला ओहोटी होती, नुसता चिखल दिसला, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं, जणू मोठी बातमी.

आपण भुकेला पोटाची तक्रार समजतो. मला त्या दिवसांत वाटायला लागलं, ती सकाळी अंथरुणातून उठवणारी गोष्ट आहे. ती रोज न बोलावता येते म्हणून तिचं कौतुक नाही. ज्याला ती येत नाही, त्या माणसाला प्रत्येक घासाआधी स्वतःच स्वतःला उठवावं लागतं. दिवसातून सहा वेळा. कुठून आणत होते बाबा ती ताकद, मला माहीत नाही.

माझं लक्ष आता पिंजऱ्यांच्या दुसऱ्या रांगेकडे जास्त जायला लागलं. निरोप न पोचणाऱ्या उंदरांकडे. मी धरून चालले होते की ते बारापर्यंत गोळा होऊन झोपलेले असतील. एका दुपारी, बाराला बराच वेळ होता, त्यांतला एक उठला. भुश्शातून बाहेर आला, मागच्या पायांवर उभं राहून झाकण हुंगलं, आणि चाकात चढला. शेजारच्या रांगेइतका जोरात नाही. मध्येच थांबत, पण पळत होता.

मी धावत मॅडमकडे गेले. माझ्या मार्गदर्शक मॅडम शांत बाई, चष्मा कपाळावर चढवून बोलतात. "मॅडम, ते पण पळतात!"

"एक पळाला," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या चाकांच्या नोंदी होऊ देत. आणि मधुरा..." त्यांना घरचं सगळं माहीत होतं. "उंदराचं माणसाला लावायचं नाही. तुझ्या वडिलांना तर मुळीच नाही."

"नाही लावत," मी म्हटलं. पण संध्याकाळी घरी येऊन सांगितलंच. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना वेळ कशी कळते मग?"

"ते अजून नीट कुणालाच माहीत नाही. शरीरात आणखीही घड्याळं असतात बहुतेक."

"शोध मग," ते म्हणाले आणि सातची वाटी घ्यायला गेले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गावाहून हापूसची पेटी आली. त्या दिवशी आई शाळेत गेलेली असताना पावणेबाराला मला शेजारच्या नाईककाकूंचा फोन. मी गाऊन चढवत होते.

"मधुरा, तुझ्या बाबांना घाम फुटलाय गं. हात थरथरतायत, छाती धडधडतेय म्हणतात."

बाळारामकाकांनी माझा चेहरा बघितला. "तू जा गो बाय. मी घालतो खानं. येल नाय चुकाची."

मी गाऊनची नाडी सोडली. फोनवर बाबांचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "आंबा खाल्ला. दोन फोडी. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं. मी आडवा झालोय. काकू बसल्यात इथे. तू बाराचं चुकवू नकोस."

"बाबा, मी निघतेय."

"शेवटचा आठवडा आहे ना तुझा? मग? मी माझी वेळ पाळतोय, तू तुझी पाळ. फोन चालू ठेव."

फोन चालू ठेवून मी दाराबाहेर उभी राहिले. काकू सांगत होत्या, आता घाम कमी झाला, आता पाणी मागितलं. बाराला पाच मिनिटं असताना बाबा म्हणाले, "उतरलं. जा आत." मी आत गेले. बारा वाजता सगळ्यांना खाणं घातलं, चारचं काम काकांवर सोपवलं आणि निघाले. पुलावर येईपर्यंत मला नीट दिसतही नव्हतं.

घरी आले तर ते उशीला टेकून बसलेले. फ्रिजवर नवी ओळ होती: आंबा, दोन फोडी, शेरा: चूक माझी.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या, "प्रयोग पुन्हा करता येतो, मधुरा. तू निघायला हवं होतंस." बाबांना ते पटलं नाही. "थांबलीस ते बरोबर केलंस," असं ते अजून म्हणतात. त्या पंधरा मिनिटांबद्दल माझं स्वतःचं मत रोज बदलतं.

एप्रिलच्या मध्यात आम्ही तिघं तपासणीला गेलो. बाबा वजनकाट्यावर चढले. वजन वाढलं नव्हतं, पण महिनाभरात उतरलंही नव्हतं. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "चालेल. पुढच्या आठवड्यात सुरू करू." आईने फाईल छातीशी धरली. तिथल्या सिस्टर हसतमुख होत्या, म्हणाल्या, "काकू, आता तुम्ही पण उभ्या राहा बघू." आई नको नको म्हणत चपला काढून चढली. आकडा आला. आईला तो कळलाच नाही, ती चष्मा शोधत होती. मी बघितला, बाबांनी बघितला.

अडीच महिन्यांत वजन गमावण्यात आई बाबांपेक्षा फार मागे नव्हती. तिचं जठर जागेवर होतं. सहा वाट्या भरून, सुपरव्हिजनला पळून, परत येऊन संध्याकाळचा स्वयंपाक करताना ती स्वतः काय खात होती, ते त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. रिक्षात बाबा आमच्या मधे बसले होते. बराच वेळ त्यांनी आईचा हात धरून ठेवला होता आणि आई म्हणत होती, "अहो, काय झालं? चांगलंच तर सांगितलं डॉक्टरांनी."

इंजेक्शनं झाली. पाऊस आला, गेला. माझ्या नोंदी पूर्ण झाल्या: निरोप न पोचणारे उंदीर कमी पळतात, पण पळतात. जिथे जिथे 'कमी' लिहावं लागलं, तिथे मी 'पण' जपून ठेवला. बाबांना भूक आजही लागत नाही. कधीतरी सकाळी पोटात काहीतरी हलल्यासारखं होतं म्हणतात, पण त्यावर विसंबत नाहीत. मागच्या दिवाळीपासून ते स्वयंपाक शिकताहेत. त्यांना चव फारशी सापडत नाही, म्हणून मीठ मोजून घालतात. पहिल्या महिन्यात आम्ही जे खाल्लं त्याबद्दल मी बोलणार नाही.

परवा आईच्या ड्युटीचा पहिला पेपर होता. मी घरूनच लिहीत बसले होते. तीन वाजून गेले तेव्हा दार उघडलं. आई उन्हाने लाल झालेली, पर्स खांद्यावरून घसरलेली. ती नेहमीप्रमाणे थेट स्वयंपाकघराकडे निघाली. बाबा दारातच होते.

"हात धू आणि बस."

"अहो, पण तुमचं तीनचं..."

"माझं झालंय. बस तू."

पाटासमोर ताट होतं. भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी, बाजूला कैरीची फोड. आईने ताटाकडे बघितलं आणि पर्स तशीच खाली ठेवून बसली. पहिला घास घेतला. बाबा तिच्या समोर, कमरेवर हात ठेवून उभे.

"तिखट जास्त झालंय," आई म्हणाली.

"बरं."

"मीठ बरोबर आहे."

ती खात राहिली. घाई नव्हती, मान खाली, बोटं चाटत. भात संपला तेव्हा तिने वर बघितलं, थोडी लाजली आणि ताट पुढे केलं.

"अजून थोडा वाढा," ती म्हणाली. "मला खूप भूक लागलीये."